रविवारची आणेवारी

राबाचा धूर दिसला की मी गाडीची काच वर करतो. शेजारी बसलेल्या बायकोला आता सवय झाली आहे.

मार्च अर्धा सरला की वाशिंदच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांचे कोपरे काळे पडू लागतात. शहापूर येईतो धूर डोंगराच्या कमरेला टेकलेला असतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, वणवा लागला. वणवा नसतो तो. भाताचं रोप जिथं टाकायचं तो तुकडा आधी भाजून घ्यायचा, म्हणजे राब करायचा, ही आमच्याकडची रीत. शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या डहाळ्यांचे भारे, ज्यांना आम्ही कवळ म्हणतो, त्यावर वाळकं गवत आणि सगळ्यात वर बोटांनी भुरभुरलेली बारीक माती. मग काडी लावायची. जमिनीत दडलेलं तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप तरारून येतं. त्या धुराला करपलेल्या सालीचा, शेणाचा आणि तापल्या मातीचा मिळून एक वास असतो. तो नाकात शिरला की माझं वय गळून पडतं. मी पुन्हा पंचविशीतला होतो आणि खर्डीच्या स्टेशनाबाहेरच्या टेलिफोनच्या दुकानात माझे वडील माझ्या फोनची वाट पाहत बाकड्यावर बसलेले असतात.

मी मुंबईत एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होतो, अजूनही आहे. नव्वदीच्या मध्यावर, बी.एस्सी. होऊन लागलो. काम पेशी सांभाळण्याचं. काचेच्या चपट्या बाटल्यांत गुलाबी द्रव असतो, त्यात माणसाच्या पेशी तळाला चिकटून वाढतात. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब द्यायची, दोन दिवसांनी द्रव बदलायचा, दाटी झाली की निम्म्या दुसऱ्या बाटलीत घालायच्या. गावाकडे आई कोंबडीची पिल्लं जशी पाटीखाली झाकून ठेवायची, तसंच काहीसं. फरक एवढाच की माझ्या बाटल्यांतल्या पेशी प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या होत्या.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला मरता येतं, हे मला तिथे कळलं. तिचं काम संपलं, ती बिघडली, की तिला आतून हुकूम येतो. ती आक्रसते, तिच्या अंगावर बुडबुडे येतात, मग ती स्वतःचेच तुकडे करून शेजारणींच्या हवाली करते. पू नाही, दुखणं नाही. कॅन्सरची पुष्कळशी औषधं म्हणजे बाहेरून दिलेला हाच हुकूम. पण काही पेशी तो ऐकत नाहीत. बाकीच्या मरतात, या राहतात, आणि पुढची सगळी वीण यांचीच. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, याच हट्टी पेशींचा अभ्यास करायच्या. अभ्यासाला त्या पुरेशा हव्यात म्हणून मी त्या मुद्दाम तयार करीत असे. औषधाचा थोडा डोस द्यायचा, ज्या वाचतील त्या जपायच्या, मग थोडा जास्त, पुन्हा ज्या वाचतील त्या. महिनोन्‌महिने. औषधाला न जुमानणारा रोग मी माझ्या हातांनी वाढवला, आणि चांगला वाढवला म्हणून शाबासकीही मिळवली. बाबांचा आजार निघाला तेव्हा हे काम करून मला तीन वर्षं झाली होती.

बाबांना लघवीचा त्रास दोन वर्षं होता. त्यांनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. मी, ज्याच्या टेबलावर तोच रोग बाटलीत होता. गणपतीला गावी गेलो की पाहायचो, ते जेवताना दोनदा उठून मागे जातात. मला वाटायचं, वय झालं. कंबर दुखते म्हणाले तेव्हा मलम आणून दिलं. मोठ्या इस्पितळात नेलं तोवर तो हाडांत उतरला होता.

पुरुषाच्या अंगात जे संप्रेरक असतं त्यावर हा रोग पोसतो. ते तोडलं की पेशी उपाशी पडून मरतात. तोडायचा तेव्हाचा सरळ मार्ग म्हणजे ऑपरेशन करून वृषणं काढायची. डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं, मी शेजारी उभा राहून पुन्हा सांगितलं. बाबांनी चौथीपर्यंतच्या अक्षरात सही केली. रोग मागे हटला. कंबर दुखायची थांबली. पण बाबा गप्प झाले. गावातल्या पुरुषांबरोबर ओहोळावर आंघोळीला जाणं त्यांनी बंद केलं. घरामागे आईने तट्ट्याचा आडोसा केला, त्यात भर दुपारी, कोणी नसताना, ते अंगावर पाणी घ्यायचे. मी फोन केला तर हं, बरं, ठेव, एवढंच. दीड वर्ष असं गेलं. मग तपासणीतला रक्ताचा आकडा पुन्हा चढू लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पेशींनी उपाशी जगणं शिकून घेतलंय. मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. मी रोज त्यांना ते शिकवत होतो.

त्या दिवशी इस्पितळातून परत येताना बाबांनी मला विचारलं, "मागं सुईनं माझा तुकडा काढला होता, तो तपासायला तुमच्याकडंच येतो ना?"

दीड वर्षात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणालो. हो म्हणालो नाही. पण माणूस हो न म्हणताही खोटं बोलू शकतो.

"म्हंजे माझ्या पेशी तुझ्या हाताखाली हायत."

मी पुन्हा हं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी आलं. कुणाच्या तरी हातात आपलं काहीतरी सुरक्षित आहे, तसं. माझ्या बाटल्यांतल्या पेशी बाबांच्या नव्हत्या. त्या परदेशातल्या एका माणसाच्या होत्या. तो केव्हाच वारला होता आणि त्याच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या. हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. आसनगाव आलं, खर्डी आलं, मी सांगितलं नाही.

त्यानंतर रविवारचे फोन सुरू झाले. मी मुंबईतून सकाळी नऊला लावायचो, बाबा तासभर चालून खर्डीला आलेले असायचे. "काय म्हनतात रे माझ्या?" ही त्यांची सुरुवात. मग मी सांगायचो. हुकूम दिला तरी ऐकत नाहीत, म्हणालो, तर त्यांना हसू आलं. "बहिऱ्या झाल्या?" बहिऱ्या नाहीत बाबा, ऐकू येतं, पण आत रखवालदार आहे, तो दार धरून बसलाय. "म्हंजे तुझ्या आयशीवानी. हाक ऐकते, उठत नाय." ही थट्टा त्यांनी घरी जाऊन आईलाही ऐकवली असणार, कारण पुढच्या वेळी मी गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, तुझ्या बाबांना सांग, माझ्या दाराला रखवालदार हाय म्हनून घर उभं हाय.

ते बोलत होते. हेच मला तेव्हा पुरेसं वाटलं.

डिसेंबरात मॅडमना वाट सापडली. एक दुसरं औषध होतं, एकटं काही न करणारं, अगदी सौम्य. ते आधी दिलं तर आतला रखवालदार दुबळा होतो. मग पहिलं औषध द्यायचं. मी भिंगाखाली पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. ज्या पेशी मी महिनोन्‌महिने हट्टी करून ठेवल्या होत्या त्या तळ सोडून गोल होऊन तरंगत होत्या. मेलेल्या पेशी ओळखायला निळा रंग घालतात, जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही. हातातलं मोजयंत्र टकटक करत मी मोजत होतो, आणि निळ्या जास्त भरत होत्या. त्या आनंदात मी रविवारी बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं.

"किती मेल्या?"

"निम्म्याहून जास्त."

"आणेवारीत सांग."

बाबांना पिकाची भाषा कळायची. आठ आणे पीक म्हणजे निम्मं, सोळा आणे म्हणजे भरलेलं. मी म्हणालो, बारा आणे. पलीकडे त्यांनी दुकानात मोठ्याने जाहीर केलं, बारा आणे मेल्या. दुकानदाराने विचारलेलं मला फोनमधून ऐकू आलं, काय मेल्या बाबा, घुशी? आणि बाबा हसून हसून खोकले.

दर रविवारी मी आणेवारी देत गेलो. आकडे खरे होते. वहीत लिहिलेलेच सांगायचो. बाबांना न सांगितलेली गोष्ट एकच, की हे शेत त्यांचं नाही. बाटलीतल्या पेशी आणि माणसाच्या हाडातल्या पेशी यांच्यामध्ये किती वर्षं, किती उंदीर, किती माणसं आणि किती अपयशं असतात, हे मला ठाऊक होतं. मॅडमच्या त्या वाटेवरून चाललेलं औषध इस्पितळांपर्यंत यायला पुढे फार काळ लागला, आणि आलं तेही मूळ रूपात नाही. काही माणसं त्याने वाचतात, काहींची दोनतीन वर्षं वाढतात, आणि मग तिथेही पेशी नवं काही शिकतात. हे मी आज लिहितो आहे. त्या वर्षी मी फक्त बारा आणे म्हणालो.

बाबांनी ही बातमी आणखी एका माणसाला कळवली होती. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात राहणारे निवृत्त गुरुजी. त्यांना हाच आजार होता. इस्पितळाच्या बाकावर दोघांची ओळख झाली. बुद्ध विहारात मुलांचे वर्ग घेणारे, प्रत्येक शब्द नीट उच्चारणारे. ऑपरेशनऐवजी ते गोळ्या घेत होते. त्यांचं पोस्टकार्ड यायचं, ठसठशीत अक्षरात, आणि बाबा त्यांना उलट कार्ड टाकायचे. त्यात काय असतं, मी विचारलं नव्हतं.

मार्च लागला. एका रविवारी मी चौदा आणे म्हणालो.

पुढचं मला आईने सांगितलं. बाबा घरी आले, डोक्याला फडकं बांधलं आणि कोयता घेतला. त्या वर्षी राबाचं काम शेजारी करून देणार होता, तसं ठरलं होतं. आई आडवी आली. ते म्हणाले, चौदा आणे गेल्या, आता दोन आण्यांची कसली भीती. चार दिवस ते रानातून कवळ तोडून आणत होते. थर त्यांच्या हातचे, एकसारखे, गादीसारखे. पाचव्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन बांधावरून येताना खाली बसले. आईला वाटलं, पाय घसरला. डॉक्टर नंतर म्हणाले, घसरले नाहीत. मांडीचं हाड रोगाने आतून पोखरलेलं होतं, ते आधी मोडलं, मग माणूस पडला.

ते हाड जुळण्यातलं नव्हतं. दुखण्याची औषधं देऊन त्यांना घरी पाठवलं. मी रजा काढून आलो. पडवीत खाट टाकली होती, तिथून शेत दिसायचं. रचलेला राब तसाच पडून होता आणि बाबांचा जीव त्यात अडकला होता. वारा सुटला की गवत उडतं, आज लाव, उद्या लाव, असं त्यांचं चाललेलं. एका सकाळी, दव सुकताच, मी जाऊन काडी लावली. भडका उठला, सरसर धावत सुटला, चिमूटभर तंबाखू चोळून होईतो सगळं संपलं. मला वाटलं, छान झालं.

पडवीत आलो तर बाबा छताकडे बघत होते.

"वारा येतो त्या अंगानं लावलीस," ते म्हणाले. "पलीकडनं लावायची. मंग आग वाऱ्याच्या उलट रांगत जाते, दोन दोन तास. तवा कुठं जमीन तापते. ही वरच्यावर पळाली. खालचं बी तसंच."

पुष्कळदा वाटतं, हा प्रसंग आणि माझ्या बाटल्या यांत साम्य आहे. वरवरची आग, खाली उरलेलं बी. पण मी त्या साम्याला हात लावत नाही. शेत आणि माणूस एकच नव्हेत, आणि त्या दोघांना एक समजण्याचा घोटाळा आमच्या घरात एकदा होऊन गेला आहे.

मी चूक झाली म्हणालो. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "चुकलं त चुकलं. लावता येत नाय म्हनून सांगायचं होतंस. मी सांगितलं नसतं का?"

त्या वाक्याने माझ्या आत काहीतरी सुटलं. राखेचे हात तसेच ठेवून मी खाटेच्या कडेला खाली बसलो आणि सांगून टाकलं. त्या पेशी तुमच्या नव्हत्या. एकही नव्हती. तुमचा तुकडा तपासून झाला तेव्हाच संपला. बारा आणे, चौदा आणे, ते सगळं दुसऱ्याचं.

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबलेला मला दिसला. बाबांनी ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

"मंग कोनाच्या?"

"परदेशातला एक माणूस. वारला तो. मी शाळेत असेन तेव्हाच."

"त्याला पोरंबाळं हायत?"

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणालो.

"इतकी वर्सं त्याच्या जिवावर पोट भरतोस," बाबा म्हणाले, "नि त्याला पोरं किती ते तुला म्हाईत नाय."

मान त्यांनी भिंतीकडे केली. मी तिथेच बसून राहिलो. आईने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. आजही भिंगावर वाकलो की कधी कधी तो प्रश्न मध्ये येतो. मी नंतर शोधलं. कागदपत्रांत त्या माणसाचं वय आहे, वर्ण आहे, रोग कुठल्या हाडात होता ते आहे. बाकी काही नाही.

थोड्या वेळाने बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, गुरुजींना मी कार्डावर लिवलंय सगळं. त्यांनी गोळ्या सोडल्यात. आपल्याच पेशींवर औषध तयार होतंय म्हटल्यावर कशाला खायच्या. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना तूच सांग. कार्ड नको टाकू. जा नि सांग."

तुम्हाला सोडून कसा जाऊ, म्हणालो. ते म्हणाले, माझं हाड काय तू धरून ठेवलंयस?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघालो. शहापूर, किन्हवली, मुरबाड, आणि तिथून जीपने सिद्धगडाच्या पायथ्याशी. वाटभर दोन्ही अंगांना राब जळत होते आणि ते सगळे नीट लावलेले होते. आग दिसत नव्हती, नुसता धूर सरकत होता. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य मी वीस तऱ्हांनी केलं आणि प्रत्येकात माझा दोष थोडा कमी भरत होता.

गुरुजी अंगणात आंब्याखाली खुर्चीवर होते. एवढ्या उन्हाळ्यात अंगावर शाल. मी ओळख सांगितली तशी ते उठू लागले, हात जोडले, आतल्यांना हाक मारून म्हणाले, अरे, औषध करणारे आले. मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. उभ्या उभ्या जे होतं ते सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "वर्गात मी अशा मुलाला तासभर उभं करीत असे. तुम्ही आपणहून उभे आहात. बसा आता."

मग त्यांनी शाल थोडी बाजूला केली. गोळ्यांनी छाती सुजते, बाईसारखी होते, नातवंडं मांडीवर बसली की हात लावून बघतात, म्हणाले. म्हणून तुमच्या वडिलांचं कार्ड आलं तेव्हा मला निमित्तच मिळालं. दोष सगळाच तुमच्याकडे घेऊ नका, थोडा माझ्याकडेही राहू द्या. मी त्यांना विनंती केली, इस्पितळात जा, या नको असतील तर दुसरं काही देतील, पण अशा सोडू नका. त्यांनी सुनेकडून पाकीट मागवलं, तांब्यातलं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर एक गोळी गिळली.

"त्यांना सांगा, घेतली."

उलट्या वाटेने परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. बाबांचा चेहरा दिवसभरात लहान झाला होता. त्यानंतर ते अकरा दिवस होते, पण बोलणं बहुतेक त्याच संध्याकाळी संपलं. मी खाटेशी टेकलो आणि सांगितलं. गुरुजी भेटले. सगळं सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, माझ्यासमोर घेतली.

बाबांनी डोळे माझ्यावर ठेवले. मी लहानपणी शाळेतून येऊन काहीही सांगावं आणि त्यांनी मान डोलवावी. नोकरी लागली म्हणालो, तेव्हा कागद न बघता त्यांनी गावात गूळ वाटला. ऑपरेशनची सही मी बोट ठेवलं त्या जागी केली. दर रविवारी तासभर चालत जाऊन मी म्हणेन ते ऐकून घरी आले.

"खरं ना रे?" त्यांनी विचारलं.

खरं, मी म्हणालो. त्याआधी त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.